गाण्यांचा संग्रह : मालकीचा की भाड्याचा?

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात 'विंक म्युझिक' ही दहा वर्षे चाललेली संगीतसेवा गुंडाळण्याचा निर्णय एअरटेल कंपनीने जाहीर केला. त्याविरुद्ध कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही, आणि तसे काही घडण्याचे कारणही नव्हते. गाणी दुसरीकडे मिळतच होती. गेले ते निराळेच. कोणी पहाटेच्या अभंगांची, कोणी परीक्षेच्या दिवसांतल्या जागरणाची, कोणी मुलीच्या लग्नात वाजवायच्या सनईची यादी तेथे वर्षानुवर्षे जुळवून ठेवली होती. त्या यादीमागचे श्रम ग्राहकाचे होते. यादी मात्र ज्या जागेत ठेवली ती जागा दुसऱ्याची होती. घरमालकाने घर पाडायला काढले की भाडेकरूने भिंतीवर स्वहस्ते काढलेल्या चित्राचे जे होते, तेच या याद्यांचे झाले.

ही घटना एकटी नाही. त्याच वर्षी जानेवारीअखेर 'रेसो' ही सेवा भारतातून बंद झाली. 'गूगल प्ले म्युझिक'मध्ये ग्राहकाला स्वतःजवळची पन्नास हजारांपर्यंत गाणी नेऊन ठेवण्याची सोय होती. २०२० मध्ये तीही सेवा जगभर बंद झाली आणि लोकांना आपला बाडबिस्तरा मुदतीच्या आत दुसरीकडे हलवावा लागला. 'आरडिओ' नावाची सेवा तर २०१५ साली भारतात आली आणि ते वर्ष संपायच्या आत जगातूनच नाहीशी झाली. सेवा चालू असली तरी गाणे टिकेल याचीही हमी नाही. मार्च २०२४ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांच्यातील बोलणी फिसकटली आणि त्या संस्थेच्या मालकीची गाणी स्पॉटिफायवरून एका रात्रीत उतरवली गेली. महिन्याचे शुल्क भरलेल्या ग्राहकाला त्यात विचारण्याचे कारण नव्हते. तो करारातला पक्षच नव्हता.

यामागे कोणाचा दुष्टपणा आहे असे मानण्याचे कारण नाही. कायद्याची रचनाच तशी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने '३१-ड' हे कलम आले. नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांनी ठरलेला दर भरला की ध्वनिमुद्रिकेच्या मालकाला नकार देता येऊ नये, असा त्याचा आशय. या कलमाचा आसरा महाजालावरील संगीतसेवेलाही मिळावा, असा दावा विंकने टिप्स कंपनीविरुद्धच्या खटल्यात केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो फेटाळला आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही तोच निर्णय कायम ठेवला. अर्थ असा की, संगीतसेवेला प्रत्येक मालकाशी स्वतंत्र सौदा करावा लागतो, आणि सौदा म्हटला की तो मोडण्याची शक्यता आलीच. ग्राहक ज्याला 'माझा संग्रह' म्हणतो, तो वास्तविक अशा शेकडो मुदतबंद करारांवर तरंगत असतो.

या अनुभवातून गेल्या काही वर्षांत एक निराळी वाट काही लोकांनी धरली आहे. आपली गाणी आपल्याच घरातील एका लहानशा संगणकावर ठेवायची, त्यावर एक सॉफ्टवेअर चालवायचे, आणि मग घरात, कचेरीत, प्रवासात, जेथे असू तेथे मोबाइलवर तीच गाणी ऐकायची. ऐकणाऱ्याला अनुभव स्पॉटिफायसारखाच. फरक एवढाच की गाणे कोठल्या तरी परदेशी गोदामातून न येता आपल्या बैठकीच्या खोलीतील कपाटातून येते. याला 'घरचा सर्व्हर' म्हणू. हे सॉफ्टवेअर एकच नाही, डझनावारी आहेत. आणि त्यांतील कोणते निवडावे हा प्रश्न वरवर तंत्रज्ञांचा वाटला तरी मुळात तो अर्थशास्त्राचा आहे, कारण त्यात मालकी, खर्च, श्रम आणि बाहेर पडण्याची किंमत या चारही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

हिशेब काय सांगतो?

घरच्या सर्व्हरचे पुरस्कर्ते बहुधा पैशाच्या बचतीपासून सुरुवात करतात. तेथेच त्यांचा युक्तिवाद सर्वांत लंगडा आहे. संगीतसेवेचे शुल्क महिना दीडशे रुपये धरले तर वर्षाला १,८०० रुपये होतात. उलट, 'रास्पबेरी पाय'सारखा तळहाताएवढा संगणक आणि त्याला जोडायची डिस्क यांना मिळून दहा हजार रुपये पडले व त्यांचे आयुष्य पाच वर्षे मानले, तर नुसता घसाराच वर्षाला दोन हजार रुपये येतो. हे यंत्र रात्रंदिवस चालू राहते. ते पाच वॅट वीज घेत असेल तर वर्षाला सुमारे ४४ युनिट, म्हणजे युनिटमागे दहा रुपये धरले तर सव्वाचारशे-साडेचारशे रुपये. घरी पडून असलेला जुना लॅपटॉप वापरला तर यंत्र फुकट पडते खरे. पण तो वीस वॅट घेत असेल तर वर्षाला १७५ युनिट जाळतो आणि विजेचे बिलच संगीतसेवेच्या वर्गणीशी बरोबरी करते. 'फुकट' या शब्दाचा असा हिशेब वीजमंडळाकडून हमखास येतो.

याहून मोठा खर्च वेळेचा आहे. साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर घ्यायला साठच मिनिटे लागतात. त्यात घाई चालत नाही. दोनशे कॅसेटी असतील तर दोनशे तास, आणि गाणी वेगळी करणे, नावे देणे, खरखर कमी करणे यांसाठी निदान तेवढेच आणखी. रोज तासभर दिला तर हे काम वर्षाहून अधिक पुरते. शाळेत दिवसभर शिकवून वह्या तपासणाऱ्या शिक्षिकेने किंवा लोकलने दोन तास प्रवास करून घरी येणाऱ्या कारकुनाने तो तास कोठून काढायचा? ज्याचे ऐकणे मुख्यतः या महिन्यातील चित्रपटांच्या गाण्यांचे आहे, त्याने हा उद्योग करू नये. त्याच्यासाठी भाड्याची सेवाच स्वस्त, सोयीची आणि समंजसपणाची आहे.

मग हे कोणासाठी? ज्यांच्या घरी असे काही आहे की जे बाजारात मिळत नाही, त्यांच्यासाठी. मराठी घरांत अशा गोष्टी समजतो त्याहून पुष्कळ आहेत. आजोबांनी जपलेल्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या. कोणा छोट्या कंपनीने काढलेली आणि ती कंपनी बंद पडल्यावर पुन्हा न निघालेली नाट्यगीतांची कॅसेट. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेले, मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येणारे भावगीत. गावातील गणेशोत्सवात झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण. आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या. या ओव्यांना कोणत्याही संगीतसेवेत जागा नाही. जागा मिळाली तरी मोल नाही : स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला आहे की, बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला मोबदल्यातील वाटा मिळणार नाही. मोठ्या बाजाराला लहान मागणीचा हिशेब ठेवणे परवडत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. बाजार जे ठेवत नाही ते कुटुंबानेच ठेवावे लागते. घरच्या सर्व्हरची खरी बाजू ही आहे, बचतीची नव्हे.

निवडीची कसोटी

सॉफ्टवेअर निवडताना माणसे प्रथम त्याचे रूप पाहतात. पडदा देखणा आहे का, गाण्याचे मुखपृष्ठ मोठे दिसते का, शब्द सरकतात का. घर घेताना पडद्यांचा रंग पाहण्यासारखेच हे आहे. वीस वर्षे टिकवायच्या संग्रहाबाबत पहिला प्रश्न वेगळा असला पाहिजे : हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडले, किंवा त्याच्या कर्त्याने विचार बदलला, तर आपल्या हाती काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. 'सबसॉनिक' हे घरच्या सर्व्हरचे एक जुने, लोकप्रिय सॉफ्टवेअर. एका नॉर्वेजियन गृहस्थाने ते लिहिले आणि त्याची मूळ संहिता सर्वांना खुली ठेवली. २०१६ मध्ये, सहाव्या आवृत्तीपासून, ती संहिता बंद झाली. तोवरची खुली आवृत्ती घेऊन दुसऱ्यांनी काम पुढे नेले, त्यातून २०१७ मध्ये 'एअरसॉनिक' निघाले, आणि पुढे तेही थंडावले. एवढे होऊनही लोकांचे नुकसान फार झाले नाही. कारण सर्व्हर आणि मोबाइल यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे याची जी रीत सबसॉनिकने घालून दिली होती, ती सर्वांनी उचलली. 'नॅव्हिड्रोम', 'गॉनिक', 'अँपाश' ही आजची सॉफ्टवेअर तीच भाषा बोलतात. त्यामुळे मोबाइलवरचे ॲप न बदलता मागचा सर्व्हर बदलता येतो. बाप गेला, घर गेले, पण भाषा उरली, असे हे उदाहरण आहे.

'स्क्वीझबॉक्स'ची कथाही अशीच बोलकी आहे. स्लिम डिव्हायसेस या कंपनीची ही संगीतयंत्रे. २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये यंत्रे काढणे थांबवले. पुढे २०२४ मध्ये या यंत्रांसाठी चालवलेली महाजालावरील सेवाही लॉजिटेकने बंद केली. पण घरात बसवायच्या सर्व्हरची संहिता खुली असल्याने वापरणाऱ्यांनीच ती सांभाळली. आज ती 'लायरियन' या नावाने चालू आहे आणि जुनी यंत्रे अजून गातात. चित्रपट आणि गाणी दोन्ही ठेवणाऱ्या 'एम्बी'ने २०१८ मध्ये संहिता बंद केली, तेव्हा त्याच डिसेंबरात त्यातून 'जेलीफिन' निघाले. खुल्या परवान्याचा अर्थ 'फुकट' असा घेतला जातो. तो अर्थ दुय्यम आहे. कर्त्याने पाठ फिरवली तरी काम दुसऱ्याला उचलता येते, हा त्याचा खरा उपयोग.

या कसोटीवर 'प्लेक्स' कमी पडते. ते देखणे आहे, बसवायला सोपे आहे, आणि त्याचे गाण्यांसाठीचे ॲप या वर्गातील उत्तमांपैकी आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु संहिता खुली नाही आणि कंपनीकडे खाते उघडल्याशिवाय काम नीट चालत नाही. म्हणजे गाणी आपल्या घरात आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या घरात. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे आजीव शुल्क १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेले. २०२२ मध्ये कंपनीकडील ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि कूटबद्ध पासवर्ड चोरीस गेले होते. ज्या भाडेकरूपणातून सुटायचे, त्याचीच ही सौम्य आवृत्ती आहे.

उरलेल्यांत, ज्याला फक्त गाणी ठेवायची आहेत त्याच्यासाठी नॅव्हिड्रोमला पहिली पसंती द्यावी लागते. आकाराने ते लहान आहे, तळहाताएवढ्या संगणकावरही सुखाने चालते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते आपल्या मूळ फायलींना हात लावत नाही. ते फक्त वाचते आणि आपली टिपणे वेगळ्या वहीत ठेवते. उद्या ते काढून टाकले तर कपाट जसेच्या तसे राहते. जाते ती वही. त्या वहीत मात्र आवडीच्या खुणा आणि कोणते गाणे किती वेळा ऐकले याच्या नोंदी असतात, म्हणून तिचीही प्रत काढून ठेवावी लागते. गाण्यांच्या याद्या साध्या मजकुराच्या फायलीत बाहेर काढता येतात, हे विंकच्या ग्राहकांना ऐकून हेवा वाटावा असे आहे. त्याचे स्वतःचे मोबाइल ॲप नाही. वर सांगितलेल्या सामाईक भाषेमुळे दुसऱ्यांची ॲपे चालतात, काही फुकट, काही थोड्या पैशांत. घरात चित्रपटांचाही साठा असेल तर जेलीफिन घ्यावे. एकासाठी दोन सर्व्हर चालवण्यात अर्थ नाही. आणि ज्याला मोबाइलपेक्षा घरातल्या दोन-तीन खोल्यांतील स्पीकरवरच ऐकायचे आहे, त्याने लायरियनकडे वळावे.

नॅव्हिड्रोमची एक अडचण मात्र मराठी संग्राहकाला विशेष जाचते, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

गाणे कोणाचे?

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. त्या काळच्या मुद्रिकांत गाणे संपता संपता गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते. कारण व्यावहारिक होते : तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला तयार होत आणि तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे लागे. गाण्याबरोबर गाण्याची ओळख पाठवण्याची गरज तेव्हापासूनची आहे. आज ही ओळख फायलीच्या आतच लिहिलेली असते, तिला 'टॅग' म्हणतात. आणि नॅव्हिड्रोमसारखे सॉफ्टवेअर संग्रहाची मांडणी या टॅगांवरूनच करते. फोल्डर उघडून त्यातले गाणे वाजवावे ही सोय त्याच्या पडद्यावर नाही. ज्याने वीस वर्षे 'नाट्यगीते', 'अभंग', 'लावणी' असे फोल्डर लावून ठेवले आणि आतले टॅग कधी पाहिलेच नाहीत, त्याचा संग्रह येथे येताच विस्कटतो. अशाने गॉनिक किंवा लायरियन घ्यावे. ती दोन्ही फोल्डरची मांडणी मानतात.

पण टॅग नीट करायचे म्हटले तरी प्रश्न सुटत नाही, कारण टॅगांची मूळ चौकट पाश्चात्य लोकप्रिय संगीताची आहे : कलावंत, अल्बम, गाणे. मराठी श्रोता गाणे असे शोधत नाही. 'गीतरामायण' घ्या. गदिमांची छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांच्या चाली, पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारण; तेव्हा वेगवेगळी गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायिली, आणि पुढे फडक्यांच्या स्वतःच्या आवाजात सगळी निघाली. 'कलावंत' या एका रकान्यात काय लिहायचे? 'संगीत मानापमान' हे १९११ चे नाटक. पदे खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गाणारे पिढ्यान्‌पिढ्या वेगळे. श्रोत्याला ते पद 'मानापमान'मध्ये सापडले पाहिजे. ज्या संकलनाच्या कॅसेटवर योगायोगाने ते आले त्या कॅसेटच्या नावाखाली नव्हे. तुकारामांचा अभंग, गाणारे भीमसेन जोशी : येथे कर्ता कोण? आणि ख्यालाचे तर 'गाणे' हे नावच लागू पडत नाही. तेथे राग, ताल, बंदिश, साथीदार, स्थळ आणि तारीख या सहा गोष्टी सांगाव्या लागतात. कॅसेटची बाजू संपल्यामुळे विलंबिताचे दोन तुकडे झाले असतील तर ते जोडून, मध्ये खंड न पडता वाजले पाहिजेत, ही वेगळीच तक्रार.

या बाबतीत सुधारणा होत आहे. २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून नॅव्हिड्रोम एका गाण्याला अनेक कलावंत, गीतकार, संगीतकार, वादक अशी निरनिराळी नाती मानू लागले आहे आणि वापरणाऱ्याला स्वतःचे रकाने वाढवण्याचीही मुभा आहे. म्हणजे 'राग' हा रकाना आता करता येतो. तो भरायचा मात्र हातानेच. 'म्युझिकब्रेन्झ' या खुल्या सूचीतून टॅग आपोआप भरणारे साधन आहे, इंग्रजी संगीतासाठी ते उत्तम चालते. मराठी कॅसेटीपुढे मात्र त्याला वारंवार हात टेकावे लागतात, कारण त्या सूचीत नोंदी करणारे लोक स्वेच्छेने काम करणारे असतात आणि आपल्याकडून त्या कामाला हात कमी लागले आहेत. पुस्तकांच्या सूची करण्यात ज्या भाषेने एवढी निष्ठा दाखवली, तिने ध्वनिमुद्रणांच्या सूचीकडे एवढी पाठ का फिरवावी, हे कोडेच आहे.

लिपीचा घोळ आणखी वेगळा. जुन्या एमपी-थ्री फायलींच्या टॅगांत नावाला तीसच अक्षरांची जागा असे आणि देवनागरीची सोय नसे. म्हणून रोमन लिपीत लिहिण्याची सवय पडली, आणि 'फडके' हे नाव कोणी 'पी-एच'ने लिहिले, कोणी 'एफ'ने. सॉफ्टवेअरला हे दोन भिन्न गृहस्थ वाटतात. नव्या टॅगांत देवनागरी निर्वेधपणे चालते. तेव्हा एकदाच बसून सगळी नावे देवनागरीत, एकाच पद्धतीने लिहून काढणे हा उपाय. कंटाळवाणा, पण दुसरा नाही.

बाकीच्या तांत्रिक बाबींना फार जागा देण्याचे कारण नाही. घराबाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचण्यात आपल्याकडे एक अडथळा येतो. अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. सबंध चाळीला एकच टपालपेटी असावी तसे. बाहेरून आलेले पत्र नेमक्या खोलीत पोहोचत नाही. 'वायरगार्ड' किंवा त्यावर उभारलेले 'टेलस्केल' यांच्या साहाय्याने आपल्याच यंत्रांमध्ये खाजगी बोगदा तयार केला की हा प्रश्न मिटतो, आणि सर्व्हर साऱ्या जगाला उघडा टाकण्याचा धोकाही टळतो. ध्वनिमुद्रण साठवताना 'फ्लॅक' या प्रकारात ठेवावे. त्यात आवाजाचा कोणताही अंश गळत नाही आणि तरीही सीडीवरील मूळ आकाराच्या निम्म्या-पाऊण जागेत ते मावते. प्रवासात डेटा वाचवायचा असेल तर सर्व्हर तेच गाणे जागच्या जागी लहान करून पाठवतो. आणि डिस्क एकच ठेवू नये. डिस्क मरते, बहुधा सुट्टीच्या दिवशी. दुसरी प्रत त्याच टेबलावर ठेवली तर चोर दोन्ही नेतो. ती भावाच्या किंवा मुलीच्या घरी असावी.

कायद्याचा प्रश्न टाळून चालणार नाही. स्वतः विकत घेतलेल्या कॅसेटची स्वतःच्या ऐकण्यासाठी प्रत करणे आणि ती सबंध गृहनिर्माण संस्थेला पासवर्ड देऊन ऐकवणे यांत फरक आहे. कायद्याच्या ५२ व्या कलमाने खाजगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मोकळीक दिली आहे. शेजारधर्म तिच्यात बसत नाही. ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, म्हणजे १९६४ वा त्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या मुद्रिका आज त्या हक्कातून मोकळ्या आहेत. गीत आणि चाल यांचे हक्क मात्र त्यांच्या कर्त्यांच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे राहतात. आणि एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली पाहिजे : अनेक संग्रहांचा मोठा भाग पदपथावर मिळणाऱ्या 'दीडशे गाणी एका सीडीत' या व्यापारातून आलेला आहे. त्या व्यापारात गायकाला, कवीला, वादकाला एक पैसाही मिळाला नव्हता. घरचा सर्व्हर त्या मालाला शुद्ध करीत नाही. आपल्या संग्रहाची मालकी मोठ्याने सांगणाऱ्याने त्यातले विकत घेतलेले किती, हाही रकाना एकदा भरून पाहावा. आज ज्या कलावंतांची गाणी फाइलच्या रूपाने सरळ विकत मिळतात ती तशी घेतली, तर भाड्याच्या सेवेवर शेकडो वेळा ऐकून त्यांच्या वाट्याला येणाऱ्या रकमेहून अधिक पैसे एका खरेदीत त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात.

एक आक्षेप मात्र निरुत्तर करणारा आहे. हा सगळा खटाटोप घरातल्या एकाच माणसाला समजतो. तो आजारी पडला, परगावी गेला किंवा नाही राहिला, की पासवर्ड कोणाला ठाऊक नसतो, यंत्राचा दिवा चालू आहे की बंद हेही कोणी पाहत नाही, आणि वीस वर्षांचा संग्रह भंगारवाल्याकडे जातो. कंपनी बंद पडताना निदान महिनाभर आधी पत्र पाठवते. म्हणून सर्व्हर कोणताही निवडला तरी फायली साध्या फोल्डरांत, वाचता येणाऱ्या नावांनी असाव्यात. डिस्क कोणत्याही संगणकाला जोडली की गाणे वाजले पाहिजे. कोठे काय आहे आणि ते कसे उघडायचे, हे एका कागदावर मराठीत लिहून तो कागद शिधापत्रिका आणि विम्याच्या कागदांबरोबर ठेवावा.

तोवर कॅसेटी वाट पाहत नाहीत. फितीवरचा लेप सुटत जातो, पट्टी पट्टीला चिकटते, आणि कॅसेट वाजवणारे चालू यंत्र मिळणेही दुर्मिळ होत चालले आहे. अनेक घरांत अशी एखादी कॅसेट असते की जिच्यावर पेन्सिलीने केवळ 'गणेशोत्सव, १९८३' एवढेच लिहिलेले असते. त्या गायिकेचा आवाज ओळखणारी दोन माणसे घरात उरलेली असतात. हार्मोनियमवर कोण होते हे त्यांतील एकालाच आठवते, आणि त्याने ऐंशी ओलांडलेली असते. ती नोंद म्युझिकब्रेन्झमध्ये नाही, नॅव्हिड्रोममध्ये नाही आणि कोणत्याही कंपनीकडे नाही. ती येत्या रविवारी सकाळी त्याच्यापाशी बसून, चहा होईपर्यंत विचारून लिहून घ्यावी लागेल. सर्व्हर कोणता बसवायचा हे त्याच्या पुढच्या रविवारी ठरवले तरी चालेल.